अर्धी राहिलेली उडी

आमच्या घरी छापील कागद यायचा तो मणानं. वाचायला नव्हे, मोसंब्या गुंडाळायला. लासुर्ण्याच्या अलीकडं, कालव्याच्या खालच्या अंगाला आमची बाग होती. बहर उतरायला लागला की तात्या, म्हणजे माझे वडील, बारामतीच्या बाजारातून रद्दीचे गठ्ठे गाडीत टाकून आणायचे. पडवीत एका बाजूला पेंढ्याचा ढीग, दुसऱ्या बाजूला लाकडी खोकी, मधे मोसंब्यांची रास आणि राशीभोवती आम्ही बायका. कागदाचा चतकोर फाडायचा, त्यात एक फळ ठेवायचं, पिळा मारायचा आणि खोक्यात पेंढ्यावर रचायचं. खोकं भरलं की दादा खिळे ठोकायचा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बोलायचा कमी, ठोकायचा फार. दिवसभर ती ठोकठोक, कागद फाटायचा आवाज, आणि सालीचा तो कडवट वास. हाताला, केसांना, अगदी भाकरीलासुद्धा तो लागायचा. आता बाजारात मोसंबी हातात घेते तर वासच येत नाही. मेण चोपडतात म्हणे. चोपडोत बापडे.

आई मी लहान असतानाच गेली होती. घर आत्या चालवायची, तात्यांची थोरली बहीण. तिचा एक नियम होता: देवाचं चित्र किंवा नाव असलेला कागद फळाला लावायचा नाही. पुण्याच्या बाजारात तो कुणाच्या पायाखाली येणार, त्याचं पाप आपल्या माथी कशाला? पण आत्याला अक्षर येत नव्हतं, वैनीलाही नाही. पडवीत शाळेत जाणारी मी एकटी. म्हणून प्रत्येक कागद आधी माझ्या हातात यायचा. मी तो वरपासून खालपर्यंत बघायची, देव निघाला तर बाजूला काढायची, नाही तर फाडायला द्यायची. आता बघायचंच आहे तर वाचायला काय हरकत? मी वाचायला लागले, आणि मग मोठ्यानं वाचायला लागले. जाहिराती, मोतीबिंदूची औषधं, कुणा सरदारांच्या घरच्या लग्नाचं वर्णन, काय वाटेल ते. बायकांचे हात चालू राहायचे आणि कान माझ्याकडं. मला त्याची जरा ऐटच होती, खोटं कशाला सांगू?

त्या बहरात रद्दीत एका सचित्र साप्ताहिकाचे अंक आले. त्याचं नाव आता आठवत नाही. त्यात एक विमानाची गोष्ट क्रमाक्रमानं येत होती. वैमानिकाचं नाव रणधीर. गोष्टीतली माणसं तेव्हा रणधीर, दिलीप अशीच असायची. बबन आणि ज्ञानू सगळे आमच्याकडं. रणधीरच्या बरोबर एक जोडीदार होता. त्याचंही काहीतरी नाव असणारच, पण ते ज्या पानावर होतं ते आम्हाला मिळण्याआधीच कुठल्या तरी फळाला गुंडाळून गेलं असावं. आम्ही त्याला जोडीदारच म्हणायचो. दोघं कसली तरी औषधं घेऊन निघालेले, खाली सगळे कडे आणि दऱ्या, आणि डाव्या पंखाला आग लागते. हवाई छत्र्या दोन होत्या, त्यातली एक जळून जाते. उरली एक, आणि ती एकाच माणसाचं वजन पेलणारी. बरं, विमान चालवायचा दांडा सोडला तर विमान गिरक्या घ्यायला लागणार आणि मग दारापर्यंतही पोचता येणार नाही. हे सगळं लेखकानं अगदी बारकाईनं लिहिलं होतं, मेल्यानं एकही फट ठेवली नव्हती. रणधीर दार उघडतो, वारा आत घुसतो, धुरात जोडीदार दिसेनासा होतो, आणि खाली कंसात लिहिलेलं, क्रमशः.

मी गठ्ठ्यात पुढचा अंक शोधला. नव्हता. दुसरा गठ्ठा सोडला, तिसरा सोडला. आत्या ओरडली, कागद विस्कटू नको म्हणून. दादानं हातोडी खाली ठेवली, त्यालाही पुढचं हवं होतं. पण सगळ्यात जास्त वैनीला हवं होतं. वैनी म्हणजे दादाची बायको, तेव्हा सातवा सरून आठवा लागलेला. पोट एवढं मोठं की पेंढ्यावरून उठताना दोघींनी हात द्यावा लागायचा. सखू सुईण येऊन बघून गेली होती, म्हणाली होती, पोरगं थोराड हाय. वैनीचं हे तिसरं बाळंतपण. आधीची दोन्ही बाळं जन्मतानाच गेली होती. एकानं श्वास घेतला नाही, दुसऱ्यानं घेतला तो तेवढाच. म्हणून या वेळी घरात सगळं जपून चाललं होतं. ग्रहणात तिला जागची हलू दिली नव्हती, तिन्हीसांजेला उंबऱ्यात बसू देत नव्हते, विहिरीकडं एकटीला जाऊ देत नव्हते. मोठ्यानं कुणी हसलं तरी आत्या डोळे वटारायची. आणि एवढं सगळं राखून, गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

ध्यानात आलं ते वैनीच्याच. जेवणं झाल्यावर ती भांडी घासता घासता थांबली आणि आत्याला म्हणाली, "आत्या, ह्ये पोटातल्यानं ऐकलं आसंल का वो?"

आत्याचा चेहरा मला दिसला. चक्रव्यूहाची कथा आमच्याकडं कीर्तनात दरसाल व्हायची. आईच्या पोटातल्या बाळानं आत कसं शिरायचं ते ऐकलं, ऐकता ऐकता आईचा डोळा लागला, बाहेर कसं यायचं ते ऐकायचं राहिलं, आणि पुढं मोठा झाल्यावर ते पोर आतच मारलं गेलं. बुवा हे सांगायला लागले की गरोदर बायका डोळे ताठ उघडे ठेवून बसायच्या. शिवाय आत्याच्या हिशेबी पोथी काय आणि गोष्ट काय, सारखीच. वाईट जागी पान मिटायचं नाही. आमच्या घरी पोथी लागली की अध्यायात कुणी मरणाला टेकलं असेल तर तो सुटेपर्यंत उठायची सोय नसायची, चुलीवरचं करपलं तरी. आणि मी तर एका माणसाला जळत्या विमानाच्या दारात उभा करून कागद फाडायला दिला होता. तसं आत्या मला बोलली. मला राग आला. गोष्ट मी लिहिली होती का? पुढचा अंक मी लपवला होता का? त्या रागात मी जेवलेलं ताट तसंच सोडून उठले, त्याबद्दल वेगळी बोलणी खाल्ली.

वैनी त्या दिवसापासून उतरली. झोपेत दचकायची. विमानाचा धूर नाकात जातो म्हणायची. आम्ही तिला सांगायचो, अगं चुलीचा आहे. पोटात हालचाल झाली की दोन्ही हातांनी पोट धरून बसायची आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. दादानं समजूत घालायचा प्रयत्न केला, म्हणाला, कागदावरचं कुठं खरं असतं का. वैनीनं पोटावरचे हात काढले नाहीत, आणि तो पुन्हा खिळे ठोकायला गेला.

शेवटी आत्यानं ठरवलं. रद्दीवाल्याकडं चौकशी केली तेव्हा कळलं की ते गठ्ठे इंदापूरच्या एका साहेबांच्या घरचे, कालवा खात्यातून रिटायर झालेल्या. तात्यांना खोटंच सांगितलं, मोहोळाला पाव्हण्यांकडं निरोप द्यायचा हाय, आणि मला घेऊन ती एस.टी.त बसली. आत्या एस.टी.त पहिल्यांदाच बसत होती. निमगावपर्यंत तिनं पुढच्या बाकाची दांडी सोडली नाही, आणि वाटेत एकदाच बोलली, की ह्ये विमान ह्यापरीस जोरात जातंय का गं. मी म्हटलं, खूप जोरात. तिनं दांडी आणखी घट्ट धरली.

साहेबांचं घर सापडायला वेळ लागला नाही. म्हातारे गृहस्थ, अंगात बंडी, ओसरीवर सुपारी कातरत बसलेले. आत्यानं दारातूनच डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि मला ढकललं. मी सगळं सांगितलं. पोटातल्या बाळाचं नाही, फक्त अंकाचं. साहेब एकदम ताठ बसले. त्यांनी आम्हाला आत बोलावलं, चहा करायला सांगितलं, आणि मग म्हणाले की बाई, मलाही कुठं कळलंय. तो अंक शेवटचा. साप्ताहिक त्यानंतर बंद पडलं. मी पुण्याला जाऊन विचारून आलो, कचेरीला कुलूप. लिहिणारा कोण, कुठं असतो, कुणाला ठाऊक नाही. म्हणून तर चिडून सगळे अंक रद्दीत घातले. बोलता बोलता त्यांनी मलाच विचारलं, तुला काय वाटतं, दोघंही वाचले असतील का? आत्यानं चहा प्यायला नाही. बशी तशीच ठेवून उठली.

येताना तिनं दांडीही धरली नाही. लासुर्ण्याच्या फाट्यावर उतरल्यावर, बांधावरून चालता चालता, ती थांबली आणि म्हणाली, "घरात सांगायचं, अंक घावला. आन् तू वाचायचं. दोघंबी सुटलं म्हणून वाचायचं."

मी नाही म्हटलं. आज विचार केला तर वाटतं, कसली ही पोरगी. पण मला खरंच ते जमण्यासारखं वाटेना. गुरुजींनी आम्हाला शिकवलं होतं, छापलेल्यात आपल्या मनचं घालायचं नाही, तो वाचनातला खोटेपणा. मी आत्याला तोंडावर म्हटलं, छापलेलं नाही ते मी वाचणार नाही. आत्यानं मारायला हात उगारला आणि तसाच खाली घेतला. खरं तर नियमापेक्षाही मला वाट सापडत नव्हती हे मोठं होतं. मी अंथरुणात पडून, शाळेच्या वाटेवर, पाटात पाय सोडून तेच करत होते. छत्रीला दोघांनी लोंबकळायचं, तर ती पेलत नाही. दांडा दोरीनं बांधायचा, तर दोरी कुठून आणायची? धोतर फाडून बांधायचा, तर रणधीर विजार घालतो. दोघांना जगवायचं म्हटलं की कुठून तरी अडायचं. एकाला मारून टाकणं मला मंजूर नव्हतं. मी अजून अशीच आहे, शेवट वाईट दिसला की पुस्तक मिटून ठेवते.

आणि वेळ झाली नव्हती तरी वैनीच्या कळा सुरू झाल्या. भर दुपार होती. तात्या गाडी जुंपून माल घेऊन बारामतीला गेलेले. दादानं सायकल काढली आणि नर्सबाईंना आणायला निघाला. सखू सुईण आली, आत गेली, दार लोटलं. बागेत काम करणाऱ्या बायका पडवीत येऊन नुसत्या बसल्या, कुणी कागदाला हात लावीना. मी पाणी तापवत होते. आतून वैनीचा आवाज यायचा, मग थांबायचा, आणि थांबला की जास्त भीती वाटायची. ऊन कलायला लागलं तरी काही होईना. सुईण बाहेर येऊन आत्याला हळूच म्हणाली, वाट घावंना झालीया त्याला. चांगलं खाली आलंय आन् तितंच अडलंय.

हे शब्द आत्यानं ऐकले आणि ती सरळ चुलीपाशी आली. माझा दंड धरून तिनं मला दाराशी नेऊन बसवलं. बसले तरी तिनं तो सोडला नाही. मला आत्याची भीती वाटायची, पण आत्याला कशाची भीती वाटते हे मी त्या दिवशी पाहिलं.

"सुमे," ती म्हणाली, "बाहीर काढ त्याला."

मी दाराच्या फटीला तोंड लावलं. काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं. म्हटलं, वैनी, मी सुमी, गोष्ट सांगते. मी म्हटलं, रणधीरनं छत्री पाठीला बांधली, पट्टे आवळले. तो दारात आला. आणि इथं मी अडले, जिथं रोज अडत होते तिथंच. तेवढ्यात आतून वैनीचा आवाज आला, ओळखू न येण्यासारखा, की दांडा कुणी धरलाय? पडवीतल्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. माझ्या तोंडून निघालं, जोडीदारानं धरलाय. वैनीनं विचारलं, घट्ट धरलाय? मी म्हटलं, घट्ट. मग ती ओरडली, "तर मग टाक म्हणावं उडी! खाली बघू नकू म्हणावं!"

आणि मी टाकली. रणधीरला मी त्या दारातून ढकललाच. वारा कसा अंगाला लागला, आभाळ खाली आणि जमीन वर कशी झाली, दोरी ओढली तरी छत्री उघडेना, पुन्हा ओढली, आणि मग फाडकन उघडली, पांढरीशुभ्र, तंबूएवढी. मी काय काय बोलले देव जाणे. आतून वैनी ओरडत होती, सुईण ओरडत होती, मी बाहेरून ओरडत होते. आणि मग आमच्या तिघींपेक्षा वेगळा असा एक बारीक, चिडका आवाज आला. मुलगी होती. रडत होती, मोठ्यानं, कुणाशी तरी भांडावं तशी. पडवीतल्या बायका हसायला लागल्या, एकमेकींना मिठ्या मारायला लागल्या. आत्या भिंतीला टेकून खाली बसली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

हे सगळं चालू असतानाच सखू सुईण आतून म्हणाली, थांबा. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्या गप्प झाल्या. ती म्हणाली, अजून एक हाय.

आत्यानं माझ्याकडं बघितलं. मी पुन्हा फटीला तोंड लावलं. जोडीदार, मी म्हटलं. जोडीदारानं... आणि पुढं शब्दच नव्हते. छत्री मी वापरून टाकली होती. विमान जळत होतं, दांडा त्याच्या हातात होता, आणि त्याला काढायला माझ्याकडं काहीच नव्हतं. आतून वैनीही आता काही विचारत नव्हती. मी नुसतं जोडीदार, जोडीदार म्हणत राहिले, आणि कुणीतरी मला उचलून चुलीपाशी नेलं. मुलगा होता. सुईणीनं त्याला उलटा धरला, पाठीवर चापट्या मारल्या, तोंडात फुंकलं. तो रडला नाही.

दादा नर्सबाईंना घेऊन आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. त्या चांगल्या होत्या. त्यांनी वैनीला तपासलं, मुलीला पुसून कोरड्यात गुंडाळलं, आणि ओसरीवर सगळ्यांना बसवून सांगितलं की दुसऱ्याची नाळ दाबली गेली होती, डॉक्टर असते तरी फार काही हातात नव्हतं. पुढं मी स्वतः शिक्षिका झाले, मुलांना आरोग्यशास्त्र शिकवलं, नाळ म्हणजे काय ते फळ्यावर काढून दाखवलं. नर्सबाई म्हणाल्या तेच खरं, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी विमानात बसले की आजही मी हवाई सुंदरीचं बोलणं ऐकत नाही, डोळे मिटून घेते. माझा मुलगा म्हणतो, आई, एवढं काय घाबरतेस? मी म्हणते, तुला नाही कळायचं.

त्यानंतर मी बोलेनाशी झाले. आत्या मला काही म्हणाली नाही, हेच जास्त लागत होतं. रागावली असती तर मी उलटून बोलले असते, मोकळी झाले असते. तिनं दोन्ही वेळा माझ्या ताटात न मागता तूप वाढलं, बस. बहर अर्धा बाकी होता, खोकी भरायलाच हवी होती. पण मी कागद बघून द्यायचं बंद केलं. आत्यानंही आग्रह केला नाही. त्या वर्षी आमच्या किती देवांत मोसंब्या गुंडाळल्या गेल्या असतील ते त्यांनाच ठाऊक.

पाचवीच्या दिवशी वैनीनं मला आत बोलावलं. खोलीत ओवा-शेपांचा धूर कोंडलेला, खाटेखाली शेगडी, आणि वैनी भिंतीकडं तोंड करून मुलीला पाजत होती. मी दाराशीच उभी राहिले. ती वळली नाही. मुलीशी बोलत होती. आधी मला वाटलं, अंगाई म्हणतेय. मग ऐकू आलं.

"आन् मग जोडीदार म्हणाला, मी दांडा सोडला तर आपुन दोघंबी जातूया. तू जा. तू भायेर पडस्तवर मी धरून ठिवतो. आन् त्यानं धरलं. लई आग हुती, हात भाजलं, तरी सोडलं न्हाय. तुझ्या भावानं धरलं बाय, तवा तुला उडी टाकता आली."

मुलगी पीत होती. वैनीनं पदर सारखा केला आणि मग माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे कोरडे होते, पण त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

"आसंच छापलंय न्हवं, सुमे?"

"व्हय वैनी," मी म्हटलं. "आसंच छापलंय."